कच्च्या अन्नाचा जमाखर्च

कुत्र्याला कच्चे मांस व हाडे खाऊ घालणे हा सुखवस्तू शहरी माणसांचा एक खर्चिक छंद आहे, अशी समजूत आपल्याकडे चांगलीच रूढ झाली आहे. आणि गोठवलेल्या मांसाची देखणी वेष्टने व त्यांवर छापलेल्या किमती ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ती निराधार वाटण्याचे कारणही नाही. परंतु मांसाचा भाव मुळात कशावरून ठरतो, याचा थोडा विचार केला म्हणजे चित्र पालटते. हा भाव मनुष्याच्या जिभेने ठरविलेला असतो. बकऱ्याच्या मांडीला किंवा कोंबडीच्या छातीला जो दर मिळतो, तो त्यांतील पोषणाचा नसून मऊपणाचा व चवीचा दर असतो. उलट मान, पाठीचा सांगाडा, पंजे, पोटा, काळीज, दिल, फुफ्फुस, तिल्ली, गुर्दा, वजडी हे जे भाग गिऱ्हाईक सहसा मागत नाही, किंवा मागितले तरी जेमतेम पाव-अर्धा किलो मागते, ते नाममात्र किमतीत पडून राहतात. कुत्र्याच्या शरीराला मात्र अगत्य असते ते नेमके याच भागांचे. मनुष्याची अरुची आणि श्वानाची गरज यांची अशी गाठ पडल्यामुळेच बेताच्या मिळकतीच्या कुटुंबालाही हा मार्ग खुला झाला आहे. मात्र या मार्गावर जिथे सर्वांत अधिक पैसा वाचतो, तिथेच सर्वांत मोठा धोकाही वस्तीला असतो. आणि म्हणून स्वस्त वस्तू घेणाऱ्याला महाग वस्तू घेणाऱ्यापेक्षा अधिक ज्ञान असावे लागते. या प्रकरणाचा सगळा खटाटोप त्या ज्ञानासाठी आहे.

कुत्र्यासाठी निराळे अन्न विकत आणायचे, ही कल्पनाच फार जुनी नाही. विजेपासून संरक्षण करणाऱ्या सळ्यांचा व्यापार करणारा जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन गृहस्थ १८६० च्या सुमारास लंडनला आला असता, गोदीवरची कुत्री जहाजांतून टाकून दिलेली कडक बिस्किटे खाताना त्याने पाहिली आणि त्यावरून कुत्र्यांच्या बिस्किटांचा धंदा उभारला, असे सांगतात. आजच्या पिशवीबंद खाद्याच्या अवाढव्य व्यवसायाचा उगम तो. या व्यवसायाविरुद्ध बंडाचे निशाण उभारणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांचे नाव अग्रभागी येते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांसल कच्च्या हाडांना श्वानाहाराच्या केंद्रस्थानी आणले. त्यांच्या आहारात भाजीपाल्यालाही स्थान होते; पुढे आलेल्या अधिक कडव्या पंथाने तो वगळला आणि ऐंशी भाग मांस, दहा भाग हाड, दहा भाग आंतरिक अवयव व त्यांतील निम्मे काळीज, हे सूत्र प्रचारात आणले. हे सूत्र म्हणजे शास्त्राचा अखेरचा निर्णय नव्हे. एका लहान जनावराच्या शरीरात हे घटक साधारण कोणत्या प्रमाणात असतात, त्यावरून बांधलेला तो अंदाज आहे. तरीही हिशेबाला आरंभ करण्यास तो पुरेसा आहे.

वीस किलो वजनाचा, प्रौढ, मध्यम हालचाल असलेला कुत्रा घ्या. शरीरभाराच्या दोन ते तीन टक्के हे कच्च्या अन्नाचे रोजचे सर्वसाधारण प्रमाण मानतात. अडीच टक्के धरले तर रोज पाचशे ग्रॅम, दरमहा पंधरा किलो. सूत्राप्रमाणे त्यांत दीड किलो हाड, पाऊण किलो काळीज, पाऊण किलो गुर्दा-तिल्लीसारखे अन्य स्रावी अवयव आणि बाकीचे बारा किलो मांस येते. आता हे दीड किलो हाड सुटे विकत घ्यायचे नसते, ते मांसाबरोबरच घरात येते. कोंबडीच्या मानेत, कातडी धरून, वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक हाड असते, पाठीच्या सांगाड्यात याहून अधिक, तर पंज्यात निम्म्याहूनही जास्त. म्हणजे महिन्याला चार-सव्वाचार किलो माना घेतल्या की हाडाची सबंध तरतूद होते आणि शिवाय त्यांवरचे अडीच किलोच्या आतबाहेर मांस पदरात पडते. उरलेल्या साडेनऊ किलोंत पोटा व दिल यांचा भरणा सढळ हाताने करता येतो. कारण हे दोन्ही अवयव देहाच्या आत असले तरी रचनेने निखळ स्नायूच आहेत आणि आहाराच्या हिशेबात त्यांची जमा मांसाच्या खात्यावरच होते. ही एवढी एक गोष्ट ध्यानात आली तरी मासिक खर्च बराच खाली येतो.

हाडाचा प्रश्न मात्र केवळ खर्चाचा नाही, आणि त्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. निव्वळ मांसात फॉस्फरस मुबलक आणि कॅल्शियम अत्यल्प असते. या दोहोंचे परस्परप्रमाण एकास पंधरा-वीस इतके विषम असू शकते. कुत्र्याला मात्र कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान बरोबरीने, किंबहुना थोडे अधिक लागते. दुकानातून रोज बिनहाडाच्या कातरणी आणून त्या प्रेमाने खाऊ घालणाऱ्या घरात ही विषमता महिनोन्‌महिने चालू राहिली, म्हणजे रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकविण्यासाठी गळ्याजवळच्या परावटु ग्रंथी अहोरात्र राबू लागतात आणि ती उणीव हाडांतून उचल करून भरून काढतात. प्रौढ कुत्र्यात याची लक्षणे दिसण्यास काळ लागतो. वाढत्या पिलात मात्र थोड्याच आठवड्यांत पाय वाकतात, चालताना वेदना होतात आणि क्षुल्लक उडीनेही हाड मोडते. पोट भरलेले, अंगावर तकाकी असलेले, मांसावर वाढलेले पिलू अशा रीतीने पंगू व्हावे, ही गोष्ट पाहवत नाही, आणि ती केवळ अज्ञानामुळे घडते म्हणून अधिकच दुःसह वाटते. ज्यांना हाड देण्याची भीती वाटते किंवा ज्यांचा कुत्रा हाड न चावता गिळतो, त्यांच्यासाठी यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे: अंड्याचे टरफल. धुऊन, उकळून, खडखडीत वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक केलेल्या एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि एक किलो बिनहाडाच्या मांसाला साधारण तेवढे पुरते.

उलट टोकाला जाणेही तितकेच वाईट. नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथे ग्रेट डेन जातीच्या पिलांवर झालेल्या संशोधनाने हे दाखवून दिले की, थोराड जातींच्या पिलांना आहारातील जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, ते शोषले जाते आणि त्यानेही सांगाडा बिघडतो. सबब लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा जातींच्या पिलांना पहिले वर्षभर तरी घरगुती अदमासावर वाढवू नये, आणि या प्रकरणातील सर्व हिशेब प्रौढ कुत्र्यापुरताच समजावा.

हाड कच्चेच हवे, हे निराळे सांगण्याची खरे तर गरज नसावी. परंतु रविवारच्या रश्शातील नळ्या व फासळ्या कुत्र्यापुढे टाकण्याचा शिरस्ता आपल्या घरांत इतका जुना आहे की ताकीद द्यावीच लागते. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिरफळ्या निघतात, आणि त्या रश्श्यात कांदा, लसूण व मीठ असते. पैकी कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात. म्हैस किंवा बकरा यांच्या पायाची जाड नळी कच्ची असली तरी टाळावी. तिच्यावर जोर लावताना कुत्र्याची मागची कातरणारी दाढ उभी चिरते, आणि त्या दाढेच्या उपचाराचा खर्च वर्षभराच्या काटकसरीवर पाणी फिरवितो.

आता खरेदीविषयी. महाराष्ट्रातील कोंबडीच्या दुकानाला आठवड्याची व वर्षाची एक ठरीव नाडी आहे, आणि ती ओळखणाऱ्याचा फायदा होतो. रविवारी व बुधवारी विक्री जोरात असते. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, चतुर्थीला व एकादशीला ती मंदावते. आषाढी अमावास्येपर्यंत भाव चढे असतात आणि श्रावण लागला की मागणी ओसरते. नवरात्रात व मार्गशीर्षातही थोडाबहुत हाच अनुभव येतो. मांसल भागांची मोठी खरेदी अशा दिवसांत करावी. माना, पंजे व सांगाडे यांची गोष्ट मात्र उलटी आहे. आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक कातडी काढलेली, साफ केलेली कोंबडी नेत असल्याने ज्या दिवशी विक्री अधिक, त्या दिवशी या भागांची रास मोठी; म्हणून ते रविवारी सकाळी सांगून ठेवावेत आणि दुपारच्या आत उचलावेत. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. “कुत्र्यासाठी हवे आहे” एवढेच म्हटले, तर दुकानदार पुष्कळदा भल्या भावनेने ओट्याखालच्या पिंपाकडे हात करतो. त्या पिंपात आतडी, पिसे, रक्त व सकाळपासून उन्हात तापलेले मांस एकत्र झालेले असते. ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. माना, पोटा-कलेजी व दिल स्वतंत्र पिशवीत, ताजे, तोलून द्यायला सांगावे आणि त्याचे पैसे चोख द्यावेत. एकदा दुकानदाराला हे नियमित गिऱ्हाईक आहे अशी खातरजमा झाली, की तो आपण होऊन माल बाजूला काढून ठेवतो.

बकऱ्याचे मटण या हिशेबात बसत नाही. त्याची वजडी, फुफ्फुस, तिल्ली व गुर्दा मात्र बसतात. गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस महाराष्ट्रात बंदी आहे. म्हशीचे मांस जिथे परवान्याच्या दुकानात मिळते व ज्यांच्या घरात त्याला हरकत नसते, तिथे ते उत्तम व किफायतशीर. डुकराचे मांस कच्चे देऊ नये. किनाऱ्यावरच्या माणसाला तर आणखी एक सोय आहे. मासळी बाजारात संध्याकाळी तारली, पेडवे, मांदेली यांचे वाटे उतरत्या दरात मिळतात, आणि आठवड्यातून दोनदा थोडी अशी मासळी घातली की ‘ड’ जीवनसत्त्व, आयोडीन व उपयुक्त मेदाम्ले यांची जी उणीव केवळ कोंबडीवर पोसलेल्या कुत्र्यात राहते, ती बऱ्याच अंशी भरून निघते. मासळी मात्र वाफवून द्यावी. अनेक माशांच्या कच्च्या मांसात ‘ब१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे विकर असते आणि ते उष्णतेने निकामी होते.

आता त्या धोक्याकडे वळू, ज्याचा उल्लेख आरंभी केला. शेळ्या, मेंढ्या व म्हशी यांच्या यकृतात आणि फुफ्फुसात पुष्कळदा पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. या गाठी म्हणजे एकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीची बाल्यावस्था होय. कुत्र्याने अशी गाठ कच्ची खाल्ली की सहा-सात आठवड्यांत त्याच्या आतड्यात असंख्य कृमी प्रौढ होतात. प्रत्येक कृमी अवघा काही मिलिमीटर लांबीचा असतो. कुत्रा स्वतः निरोगी दिसतो, जेवतो, खेळतो. पण त्याच्या विष्ठेतून बाहेर पडणारी अंडी केसांना, अंगणातील मातीला, मुलांच्या हातांना लागतात आणि पोटात गेल्यावर मनुष्याच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तीच गाठ वर्षानुवर्षे नकळत वाढत राहते. पुष्कळदा ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. कुत्रा, खाटीकखाना आणि मेंढरे यांचा जिथे जिथे निकटचा सहवास आहे, तिथे तिथे हे चक्र फिरते, आणि आपल्या देशात ते आजही फिरत आहे.

हे चक्र तोडता येते, याचा पुरावा मात्र इतिहासात आहे, आणि तो मोठा आश्वासक आहे. एकोणिसाव्या शतकातील आइसलंड हा या रोगाने जगात सर्वाधिक ग्रासलेल्या प्रदेशांपैकी एक होता. १८६३ साली हाराल्ड क्रॅबे हे डॅनिश संशोधक तिथे गेले, त्यांनी कुत्री तपासली, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक कुत्र्यांत हा कृमी त्यांना आढळला. पुढल्याच वर्षी त्यांची पुस्तिका तेथील जनतेच्या भाषेत निघाली; गाठी असलेले अवयव कुत्र्यांपुढे न टाकता त्यांची विल्हेवाट लावा, हा तिचा गाभा होता. औषधे जवळजवळ निरुपयोगी असलेल्या त्या काळात वाचू शकणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका समाजाने ही गोष्ट मनावर घेतली, कायद्यांची जोड मिळाली, आणि कालांतराने तो रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. न्यूझीलंडने १९५९ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला, मेंढरांचे कच्चे अवयव कुत्र्यांना घालण्यास मनाई केली, आणि २००२ साली तो देश या रोगापासून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर झाले. एवढ्या मोठ्या यशामागे मुख्य साधन होते ते उकळत्या पाण्याचे भांडे व खड्डा खणणारी कुदळ.

यावरून आपल्या हिशेबासाठी जो नियम निघतो, तो निरपवाद पाळावा: शेळी, मेंढी व म्हैस यांचे काळीज, फुफ्फुस, तिल्ली, गुर्दा हे अवयव कच्चे द्यायचे नाहीत, ते अर्धा तास खळखळ उकळावेत, किंवा उणे अठरा अंशांच्या खऱ्या फ्रीजरमध्ये किमान दहा दिवस गोठवावेत. घरगुती फ्रिजच्या बर्फकप्प्यावर यासाठी विसंबू नये. कोंबडीच्या अवयवांत हा कृमी नसतो. म्हणून ज्याला काळीज कच्चेच द्यायचे आहे, त्याने कोंबडीची कलेजी घ्यावी, आणि सुदैवाने तीच सर्वांत स्वस्तही आहे. वीस किलोच्या कुत्र्याला रोज पंचवीस ग्रॅम पुरे. काळजात ‘अ’ जीवनसत्त्वाचा इतका साठा असतो की स्वस्त मिळाले म्हणून रोज वाटीभर घालणे हे औषधाचा डोस दहापट करण्यासारखे आहे. फीतकृमीवरचे प्राझिक्वांटेल हे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक मुदतीने द्यावे आणि ही बाब खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्या महिन्यापासून लिहावी.

कोंबडीचा दोष निराळा आहे. तिच्यावर साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंचा वावर सर्रास असतो, आणि गोठवल्याने कृमी मरतात तसे जंतू मरत नाहीत, केवळ निद्रिस्त होतात. कुत्र्याच्या जठरातील तीव्र आम्ल त्यांतील बऱ्याच जंतूंना पुरून उरते. माणसाचे तसे नाही. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ साली कच्चे मांस देण्याविरुद्ध जे अधिकृत धोरण स्वीकारले, त्यामागे ही चिंता होती, आणि ती सर्वस्वी रास्त आहे. घरात तान्हे मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध किंवा कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण असेल तर कच्च्या अन्नाचा नाद सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इतर घरांतही कुत्र्याचा सुरा, पाट व भांडे स्वतंत्र असावे. बर्ड फ्लूची साथ कानावर आली की कोंबडी निमूटपणे शिजवावी. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या २०२४ च्या अखेरीस एच५एन१ विषाणूने दगावले, तेव्हा संशयाचा रोख त्यांच्या खाद्याकडेच वळला होता.

मग सबंध आहार कच्चाच का असावा? कडव्या पंथाचे उत्तर असे, की कुत्रा हा लांडगा आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या एरिक ॲक्सेलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या उत्तराला मोठा तडा दिला आहे. पिष्ट पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणसाच्या शेतीच्या सोबतीने राहता राहता कुत्र्याचे पोट धान्याशी जुळत गेले, असा याचा अर्थ. लातूर-सोलापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर, ताका-दुधावर आणि शिकारीतील वाट्यावर पोसलेला कारवान कुत्रा जो वेग व जो काटकपणा दाखवितो, तो पाहिलेल्या माणसाला हे निराळ्या भाषेत ठाऊक होतेच. भाकरीने सगळे पोषण होते असे मुळीच नाही. परंतु एकूण अन्नाचा चौथा हिस्सा भाकरी, मऊ भात, शिजवलेला भोपळा किंवा रताळे यांचा ठेवला, तर प्रौढ, निरोगी कुत्र्याचे काही बिघडत नाही आणि पंधरा किलोंचे कच्चे अन्न सव्वाअकरा किलोंवर येते. काटकसरीचा सर्वांत मोठा व सर्वांत निर्धोक टप्पा मला हाच वाटतो.

आरंभ सावकाश करावा. पहिला आठवडा कोंबडीच्या मांसाचा थोडा भाग नेहमीच्या अन्नात, दुसऱ्यात मान, तिसऱ्यात अगदी थोडे काळीज, अशा क्रमाने जावे, आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला कुत्र्याचे वजन नोंदवावे. फासळ्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, ही देहाची कसोटी. विष्ठा ही आहाराची. ती पातळ व काळसर झाली तर काळीज अधिक पडते आहे असे समजावे. ती पांढरट, खडूसारखी कोरडी व भुगा होणारी दिसली आणि कुत्रा कुंथू लागला, तर हाड अधिक झाले. त्याच दिवशी मानेचा वाटा चौथ्या हिश्श्याने घटवून तेवढा पोटा किंवा भोपळा वाढवावा, आणि तरीही दोन दिवसांत शौच मोकळे झाले नाही तर पशुवैद्याकडे न्यावे.